शेडमास्तरांचा हिरवा

जुन्या पिकअप गाड्यांच्या मंडळात त्यांना सगळे शेडमास्तर, म्हणजे रंगाच्या शेडचे मास्तर, म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकानं पडलंय, अशी त्यांची अठरा वर्षं समजूत होती. कुठल्या सालच्या पिकअपचं इंजिन कारखान्यातून कुठल्या रंगात बाहेर पडलं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत, आणि कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगत. एकदा दातांच्या डॉक्टरलाही तोंडात आरसा असताना त्यांनी काळ्या इंजिनांबद्दल समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

या सगळ्या विद्वत्तेचा पाया म्हणजे चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेला रंगाचा नखाएवढा पोपडा. स्वतःच्या पिकअपच्या इंजिनावरून, सायलेन्सरच्या पाइपाजवळून, तो त्यांनी चिमट्यानं सोडवून घेतला होता. बाकी इंजिनावर तेव्हा नुसता गंज होता. पोपड्याचा रंग शेवाळी हिरवा. त्या सालच्या इंजिनांचा कारखान्याचा रंग हाच, असा निकाल त्यांनी दिला आणि स्वतःचं इंजिन त्याच रंगात रंगवलं. तो निकाल मंडळाच्या नियमावलीत छापून आला. नियमावली अर्थात त्यांनीच छापून घेतली होती.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात दाजींची गाडी तपासणीला आली. दाजी म्हणजे शेडमास्तरांच्या ताईचे यजमान. तीस वर्षं त्यांनी त्या पिकअपमधून दुधाच्या कॅन पोचवल्या. साल तेच, मॉडेल तेच, पण इंजिन निळं. शेडमास्तरांनी डबी इंजिनाशेजारी धरली, मान हलवली आणि चारचौघांत कागदावर लिहिलं, ‘रंग चुकीचा.’ ‘कारखान्यातून आली तशी’ ही पितळी पाटी दाजींना मिळाली नाही. नात्यागोत्याचा विचार न करणारा परीक्षक म्हणून त्या दिवशी त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटला.

दाजी एवढंच म्हणाले, “बरं.” मग दुखऱ्या गुडघ्यांनिशी दोन महिने तारेच्या ब्रशनं त्यांनी इंजिन खरवडलं आणि हिरवं केलं. त्या दोन महिन्यांत ताई फोनवर भावाशी फक्त हवापाण्याचं बोलली.

आणि आता, यंदाच्या मेळाव्याच्या आदल्या सकाळी, शेडमास्तरांच्या स्वतःच्या गाडीचा पट्टा किंचाळायला लागला. डायनामो सैल झाला होता. त्यांनी डायनामो धरून ठेवणारी लोखंडी पट्टी सोडवली. आपलं इंजिन हिरवं करताना ही पट्टी त्यांनी काढली नव्हती, तिच्या कडेकडेनं ब्रश फिरवला होता. दुसऱ्या कुणी असा आळस केला असता, तर त्याचे पाच गुण कापले असते.

पट्टीखाली इंजिन निळं होतं. नव्या कोऱ्या दप्तरासारखं निळं.

त्यांनी चष्मा पुसला. रंग तोच राहिला. मग घरात जाऊन त्यांनी डबी आणली आणि पोपडा चिमट्यात धरून उलटा केला. मागची बाजू निळी होती. पुढून वर्षानुवर्षं उष्णतेनं आणि तेलानं पिवळट होऊन त्याचा हिरवा झाला होता. अठरा वर्षं जपलेला हा पुरावा त्यांनी एकदाही उलटून पाहिला नव्हता.

त्यांनी पट्टी परत लावली आणि बोल्ट घट्ट आवळला. कुणाला कळणार होतं? चहा केला. अर्धा कप झाल्यावर दाजींचे गुडघे आठवले. शेडमास्तर उठले, डबी खिशात टाकली आणि दाजींच्या घरी गेले.

दार ताईनं उघडलं. “आज कशाचे गुण कापायला आलास?” ती म्हणाली.

दाजी शेडमध्ये गाडी पुसत होते. शेडमास्तरांनी पोपडा त्यांच्या तळहातावर उलटा ठेवला. वाटेत एक छोटंसं भाषण तयार केलं होतं, त्यातला एकच शब्द बाहेर आला.

“चुकलो.”

“माहीत आहे,” दाजी म्हणाले.

“कधीपासून?”

“अरे, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी गाडी नवी घेतली ती मी. तीस वर्षं रोज सकाळी बॉनेट उघडून तेल बघितलंय. निळंच होतं ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू चारचौघांत डबी काढलीस. आता बायकोच्या भावाला तिथं खोटं पाडू?” दाजींनी फडका पिळला. “आणि पहिल्या दिवशी तुलाच शेजारी बसवून चक्कर मारली होती. चौथीत होतास. बॉनेट उघडलं तर तूच ओरडलास, निळं आहे म्हणून.”

शेडमास्तरांना ते मुळीच आठवत नव्हतं. खाली बसायला त्यांनी दुधाची रिकामी कॅन ओढली. अठ्ठेचाळीस वर्षं जपलेला कारखान्याचा रंग, खरा रंग, आपल्या एका शेऱ्यानं खरवडून जमिनीवर पडला, हे आता त्यांच्या ध्यानात आलं.

“सगळाच गेला ना, दाजी?”

दाजींनी टॉर्च दिला. “मागं बघ. खाली, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला. तिथवर परीक्षक वाकत नाहीत.”

शेडमास्तर वाकले, मग गुडघ्यांवर आले, मग सरळ जमिनीवर आडवे झाले. इंजिनाच्या पाठीमागं तळहाताएवढा निळा तुकडा शाबूत होता, कडा नीट राखून सोडलेला. त्यांचा हात आपसूक खिशातल्या चिमट्याकडे गेला.

“फक्त बघायचं,” वरून दाजी म्हणाले. “हात लावलास, तर पुढच्या वर्षी तो जांभळा ठरेल.”

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात शेडमास्तरांनी आधी पोपडा उलटा करून सगळ्यांना दाखवला आणि स्वतःच्या गाडीचा कागद स्वतःच भरला, ‘रंग चुकीचा.’ मग मंडळाची नियमावली उघडली, इंजिनाच्या रंगाच्या रकान्यातला ‘शेवाळी हिरवा’ खोडला आणि पुढं लिहिलं, ‘आधी दाजींना विचारावे.’