कार न म्हणणारं घर

चाकणजवळच्या एका वाडीत गेनबांचं घर आहे. त्या घरात चाकावर पळणाऱ्या सगळ्याला गाडीच म्हणत. बैलांची ती गाडी, एसटी ती गाडी, दूधवाल्याची फटफटी गाडी, कासारवाडीच्या स्टेशनात थांबते ती लोकलसुद्धा गाडी. पण 'कार' हा शब्द मात्र तिथे कुणी तोंडातून काढत नसे. नवखा पाहुणा चुकून बोललाच, तर गेनबा उठून गोठ्याकडे जात आणि पाहुण्याला वाटे, चहात काही पडलं की काय.

या रुसव्याला कारण होतं. गेनबांची बायको भागूबाई रहाटणीची. तिथल्या शेतांवर इमारती उगवायला लागल्या तेव्हा तिचा थोरला भाऊ दौलतराव एकदम मोठा माणूस झाला. त्याच्या मुलीच्या, दीपमालाच्या लग्नाला गेनबा बैलगाडी जुंपून गेले. बैलांवर झुली, गाडीत आंबेमोहोराचं पोतं, वर भागूबाई आणि तिच्या मांडीवर पेंगुळलेली वर्षाराणी. मांडवाच्या दारात दौलतराव उभा होता. म्हणाला, "दाजी, हितं कारा लागत्यात. गाडी मागं सोडा, आचाऱ्यांच्या तिकडं."

गेनबांनी बैल वळवले आणि सरळ घरी आणले. भागूबाईने एकदा मागे वळून पाहिलं, तर भाऊ दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात हार घालत होता. त्या दिवसापासून तिचं माहेर बंद झालं. माझं विचाराल तर असल्या भावाचे कान तेव्हाच उपटायला हवे होते. पण उपटणार कोण?

आणि नशीब तरी किती चेष्टेखोर! मोठी होऊन वर्षाराणी नोकरीला लागली ती कारच्याच कंपनीत. तिथे तर आणखीच मजा. आधी नुसता पत्रा असतो तेव्हा तिला 'बॉडी' म्हणतात, रंग लागून जुळणीच्या पट्ट्यावर सरकायला लागली की 'युनिट'. कार व्हायला तिला पार शोरूमच्या काचेपर्यंत जावं लागतं. वर्षाराणीचं काम पट्ट्याच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. युनिटमध्ये बसायचं, त्याच्या जन्मातलं पहिलं इंजिन चालू करायचं, समोरच्या तपासणीच्या शेडपर्यंत न्यायचं आणि उतरायचं. उतरली की ती टपावर हात ठेवून हळूच म्हणे, "नीट जा गं." मग पुढच्या युनिटकडे वळे.

दिवसभर असं कितीतरी जणींना वाटेला लावून ती कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी डोकं टेकायची. डोळा लागला की तिच्या हातच्या सगळ्या गाड्या निघायच्या. कुणी कोकणात उतरून लाटांपाशी थांबायची, कुणी कापसाच्या रानातून एकटीच चालली असायची, कुणाच्या मागच्या सीटवर एखादं बाळ तोंड उघडं टाकून झोपलेलं असायचं. चालवणारा कुठेच दिसत नसे. ती स्वतः तर कधीच नसे. रस्ते नुसते उलगडत जायचे आणि तिला फार बरं वाटायचं. निगडीच्या ट्रेनिंग स्कूलमधून काढलेलं लायसन तिच्याकडे होतं, पण खऱ्या रस्त्यावर एकटीने गाडी घालायची म्हटलं की ती काहीतरी निमित्त काढून टाळायची.

अशात दीपमालाचा फोन आला. दौलतरावांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण दुसरा आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "आत्याचं नाव घेतात गं सारखं," दीपमाला म्हणाली.

दोन दिवस भागूबाईच्या भाकरी करपल्या, दूध उतू गेलं. मग म्हणाली, "जाईन. पर रिक्षानं न्हाई आन् बशीनं न्हाई. आपल्या गाडीत बसून जाईन, म्होरच्या दारातनं."

वर्षाराणीने गाडी घेतली. कंपनीच्या माणसाने ती अंगणात आणून उभी केली. गेनबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हळदकुंकू लावलं, चाकांखाली स्वतःच्या हाताने लिंबं ठेवली. येणार का, असं विचारल्यावर मात्र म्हणाले, "मी न्हाई. तुमी जा."

वर्षाराणीने दीपमालाला कळवलं आणि माय-लेकी निघाल्या. चाकांखाली लिंबं फुटली, अंगण मागे गेलं, गाडी मारुतीच्या देवळापाशी आली आणि तिथे वर्षाराणीने ती बंद केली. दार उघडून ती खाली उतरली, टपावर हात ठेवला आणि म्हणाली, "नीट जा गं."

भागूबाई पुढच्या सीटवर पदर सावरून बसली होती. तिने खिडकीतून वर पाहिलं. "आली व्हय गं रहाटणी?"

वर्षाराणी भानावर आली. पट्ट्यापासून शेडपर्यंतच चालवायची इतक्या वर्षांची सवय, अंगानेच गाडी थांबवली होती. ती ओशाळून हसली, पण आतून घाबरली. तिच्या हाताला गाडीची फक्त पहिली चार पावलं ठाऊक होती. इथून पुढची गाडी कशी असते, हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

"बस की आत," भागूबाई म्हणाली. "मी हाय न्हवं संगट."

मग मोशी आली, भोसरी आली. कंटेनरच्या भिंती दोन्ही बाजूंनी सरकत होत्या आणि त्यांच्या मधून ही एवढीशी गाडी वाहत चालली होती. हळूहळू वर्षाराणीचे खांदे सैल पडले. बसमधल्या झोपेत पाहिलेला रस्ता तो हाच, असं तिला वाटायला लागलं, फक्त या वेळी ती त्यात होती. कासारवाडीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा भागूबाई काचेला नाक लावून खाली बघत राहिली. "हितं आमचा ऊस व्हता," ती रहाटणीत शिरल्यावर म्हणाली. "तिथं हीर. ही समदी हिरीतनंच वर आल्यागत दिसत्यात." आणि तिने त्या उंच इमारतींना मुकाट हात जोडले.

दौलतरावांच्या सोसायटीचं फाटक बंद होतं. वॉचमन खिडकीशी वाकला. अगदी नम्र पोरगा. "मावशी, पाहुण्यांच्या कार आत नाही घेत. बाहेर लावा, तिकडं मागल्या बाजूला."

भागूबाईचा चेहरा पांढरा पडला. वर्षाराणीला आईकडे बघवेना. तिने वॉचमनला समजावलं, दीपमालाला फोन लावला. तो वाजतच राहिला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

"वळीव," भागूबाई म्हणाली.

"आई, मामा आजारी आहेत."

"वळीव म्हनलं न्हवं."

वर्षाराणीला रडू फुटलं. ती गाडी मागे घ्यायला लागली, तोच फाटकाचं छोटं दार उघडलं. दौलतराव काठी टेकत, एक पाय ओढत बाहेर येत होते आणि मागून दीपमाला "पप्पा, थांबा" म्हणत धावत होती. फाटकाआतल्या बाकावर बसून ते सकाळपासून वाट बघत होते, असं तिने नंतर सांगितलं. म्हातारा गाडीपाशी आला, मागचं दार खटपट करून उघडलं, सीटवर अंग टाकलं आणि निकामी पाय हाताने उचलून आत घेतला.

"मामा, उतरा, घरात बसून बोलू," वर्षाराणी म्हणाली.

"न्हाई उतरायचा." त्यांची जीभ जड झाली होती. "मला दाजींकडं ने."

भागूबाई पुढेच बघत बसली होती. गाल ओले झाले होते, तिने ते पुसलेही नाहीत. दीपमाला औषधांची पिशवी घेऊन येईपर्यंत भागूबाई पुढून उतरून मागे भावाच्या शेजारी जाऊन बसली होती, तेव्हा दीपमाला पुढे बसली.

गाडी वळली. भोसरीच्या पुढे दौलतरावांनी हळूच विचारलं, "भागे, त्यांनी मला घरात न्हाई घेतलं तर?"

"तर दोगंबी दारात गाडीतच बसून ऱ्हाऊ," भागूबाई म्हणाली. "म्हागारी न्हाई फिरायचं आता कुनी."