पेवातला कंदील

नरहर मास्तर विज्ञान शिकवायचे ते तोंडानं. हायस्कुलातलं उपकरणांचं कपाट इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीपुरतं उघडायचं आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा कुलूप. न जाणो, काच फुटली तर! मग मास्तर सांगत, पोरं लिहीत आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो ज्वलनास मदत करत नाही. त्यात प्राणी गुदमरतात." दहावीतल्या कवडूचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

शनिवारी मात्र मास्तर वह्या मिटायला लावत आणि खुळ्या समजुतींची सालटी काढत. असंच एकदा कवडू उभा राहून म्हणाला, "सर, ज्वारीचं पेव उघडलं का आमची माय पहिले आत कंदील सोडते. तो इझला तर म्हणते, धरतीमाय उपाशी आहे, आज उतराचं नाई."

मास्तर पोट धरून हसले. "अरे, वाऱ्यानं विझतो तो! धरतीमाय काय रॉकेल पिते?"

वर्ग लोटपोट झाला. कवडूही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. आपल्या घरातलं हे खूळ मोडायचंच, असं त्यानं त्या दिवशी ठरवलं आणि तसं बोलूनही दाखवलं. मास्तरांना त्याचा केवढा अभिमान वाटला! एक पोरगं तरी शहाणं झालं, असं ते बायकोलाही सांगून आले.

वैशाखातल्या एका रविवारी कवडूनं त्यांना मुद्दाम घरी बोलावलं. गिरडच्या रस्त्यानं सायकल दामटत मास्तर पोचले तेव्हा अंगणातल्या पेवाचं तोंड उघडलेलं होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा. तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच माणूस आत जावा. कवडूची आई भागीरथाबाई दोराला कंदील बांधून आत सोडत होती. कंदील तळाशी टेकायच्या आतच विझला.

"इझला. उघडंच राहू द्या पेव, उद्या पाहू," ती म्हणाली.

"माय, वाऱ्यानं इझला तो! सरांले इचार."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. कवडूचा बाप महादेवराव, दोन शेजारी, सगळेच. भागीरथाबाईनं पदर सावरून विचारलं, "सांगा जी मास्तर. तुमी शिकलेले मानसं. उतरू देऊ का पोराले?"

नाही म्हणायला काय लागत होतं? एक दिवस थांबलं असतं तर ज्वारी पळून का जाणार होती? पण शनिवारचं हसू अजून मास्तरांच्या ओठांवर होतं.

"उतरू द्या. वाराच असेल."

कवडूनं मास्तरांकडे बघून मान हलवली आणि दुसरा दोर धरून तो सरसर आत उतरला.

भागीरथाबाईनं कंदील वर ओढला आणि पदरानं त्याची काच पुसू लागली. मास्तरांची नजर त्या काचेवर गेली. काच शाबूत होती. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मग पेवाच्या तळाशी वारा शिरला कुठून? आणि आठ वर्षं वर्गाकडून घोकून घेतलेलं ते वाक्य त्यांच्या छातीत धाडकन आदळलं.

"कवडू! वर ये! वर ये रे!"

"ओ स..." एवढंच ऐकू आलं. मग पोतं पडावं तसा आवाज झाला आणि दोर सैल पडला.

मास्तर पेवात उडी घ्यायला धावले. महादेवरावांनी त्यांना कमरेला विळखा घालून मागे ओढलं. "एक गेला, आता दुसरा कायले?" असं म्हणत त्यांनी पाण्याची पहिली घागर उचलली. मग घागरीवर घागरी आत ओतल्या, घोंगडी दोराला बांधून वरखाली केली, हवा खेळवली. किती वेळ गेला, कोण जाणे. शेवटी कंदील आत जळता राहिला, तेव्हा महादेवराव उतरले आणि पोराला वर घेऊन आले.

मास्तर त्याच्या छातीवर वाकले. कृत्रिम श्वास मिनिटाला किती वेळा द्यायचा ते त्यांना पाठ होतं. हात कुठे ठेवायचे ते मात्र त्यांनाही कुणी कधी दाखवलं नव्हतं. जमेल तिथे, जमेल तसं ते दाबत राहिले, रडत राहिले. शेजाऱ्यानं हात धरला तेव्हाच थांबले.

भागीरथाबाई रडली नाही. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "त्याले झालं तरी काय, मास्तर?"

त्यांनी सांगितलं. बंद पेवात धान्यातून वायू निघतो, जड असतो, तळाशी बसतो, त्यात दिवा विझतो आणि माणूसही. सांगताना त्यांना स्वतःच्या आवाजाची किळस आली.

"म्हंजे कंदील त्याच्यानंच इझत होता?"

"हो."

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग माह्या पोराले सांगतलं काऊन नाई?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं, तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं, बाई," ते म्हणाले. "त्याला पाठ होतं."