अण्णांच्या पट्ट्याचं सहावं भोक

मित्रांनो, मी एक जुना कातडी पट्टा आहे. मुक्काम बंगळुरूचं मल्लेश्वरम, बिंदुमाधवअण्णांची कंबर. जन्मतः मला पाच भोकं. लग्नात अण्णा पहिल्यावर होते, बँकेतून निवृत्त होताना पाचव्यावर. त्यापुढे नुसतं टोक!

मग त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, वसुमतीअक्कांच्या किडन्या निकामी झाल्या. अण्णांची किडनी जुळली, पण डॉक्टर निवेदितांनी बजावलं, "आधी बारा किलो उतरवा आणि तीन महिने टिकवून दाखवा. तोवर शस्त्रक्रिया नाही."

अण्णा पहाटे सँकी तलावाला फेऱ्या मारू लागले. फेऱ्या संपल्या की मित्रांबरोबर लोण्याने निथळणारा बेण्णे डोसा ठरलेला. "इतकं चाललो, एक डोसा जिरतोच की!" महिना सरला, मी पाचव्यावरच. मग चिडून त्यांनी जेवणच सोडलं. अंगात त्राण नाही, त्यामुळे चालणंही सुटलं. चार किलो उतरले, अण्णा देवघरापुढे चक्कर येऊन पडले, आणि पंधरा दिवसांत पाच किलो परत आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डायलिसिसहून आलेल्या अक्का म्हणाल्या, "माधवा, उपाशी राहून मला काय देणार रे तू? स्वल्प जेव, पण वेळेवर. आणि चालणं सोडू नको, सरी? कळलं ना?"

तेव्हापासून दोन्ही एकत्र सुरू झालं. फेऱ्या झाल्या की सरळ घर. ताटात मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, पालेभाजी, कोशिंबीर. मित्रांबरोबर फक्त बाय-टू कॉफी, एक कप दोघांत, तीही बिनसाखरेची. मी चौथ्यावर आलो, तिसऱ्यावर आलो. सात महिन्यांनी पहिलं भोकही सैल पडलं!

मोची म्हणाला, "नवा घ्या, सर." अण्णा म्हणाले, "नको. ह्यालाच पहिल्या भोकाच्या आत अजून एक पाड."

टोचणी घुसली तेव्हा दुखलं, पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली. पुढे तीन महिने मी त्या सहाव्या भोकावरून तसूभर हललो नाही.

आज अक्का अण्णांबरोबर तलावाला अर्धी फेरी मारतात. माझं कातडं तडकलंय, बक्कल काळवंडलंय. मित्रांनो, अण्णा भेटले तर एवढं सांगा: आठवड्यातून एकदा मला तेलाचं बोट लावा, आणि हे सहावं भोक जपा. आता तुमच्याकडे एकच किडनी आहे, आणि दुसरी अक्का जपतायत.