बाधली ती कढई नव्हे

मित्रांनो, जगाचा इतिहास लोखंडाने घडवला आहे. तलवारी लोखंडाच्या, तोफा लोखंडाच्या, नांगराचा फाळ लोखंडाचा, चाळीसगावहून मुंबईकडे धावणारे रूळही लोखंडाचेच. त्याच पराक्रमी कुळात माझा जन्म झाला. मी एक जुनी कढई आहे आणि आत्ता या क्षणी माझ्यात एक कोंबडी बसली आहे.

ती का बसली आहे, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आहे. तसे माझे तोंड कायम उघडेच असते. पण ऐकतो कोण?

नशिराबादच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. भागाबाईंच्या लग्नात मी अमळनेरला आले. पहिली दोन वर्षे माझा थाट होता. भजी माझ्यात, कुरडया माझ्यात, सणाचे तळण माझ्यात. मग एकदा भागाबाईंच्या यजमानांनी, कौतिकआबांनी, घाईघाईत माझ्यात कोंबडी शिजवली. झाले. आमच्याकडे वशाटाची चूल परसात आणि वशाटाची भांडीही परसात. त्या दिवशी मी उंबरा ओलांडला तो कायमचा. कोंबडी खाल्ली आबांनी, बाटले मी. आबा हात धुऊन घरात गेले आणि पसरले. मला तीनदा राखेने घासले, तरी मी बाहेरच. याला न्याय म्हणतात का?

पण खरा अपमान पुढेच आहे. गोष्ट चौऱ्याण्णव सालची.

भागाबाईंचे जावई लीलाधरराव धुळ्याला तार ऑफिसात कारकून. वर्षभरात ते बासष्ट किलोंचे अठ्ठेचाळीस झाले. खाल्लेले काही अंगी लागेना. शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, की यांना गहू चालत नाही. पोळी, मैदा, रवा, शेवया, सगळे बंद, तेही जन्मभर. चिमूटभर गेला तरी आतडे सोलून निघेल.

त्याच दिवशी परतताना लीलाधररावांना एक काचेचे हॉटेल दिसले. आत लोक कुरकुरीत तळलेली, खवल्याखवल्यांची कोंबडी हाताने खात होते. त्यांनी पोऱ्याला विचारले, वरून काय लावता? तो म्हणाला, मैदा. लीलाधरराव काचेबाहेर पाच मिनिटे उभे राहिले आणि वास घेऊन स्टेशनवर आले. तेव्हापासून त्या गृहस्थाला जगात दुसरे काही नको होते.

यशोदाताई, म्हणजे त्यांची बायको आणि भागाबाईंची लेक, हट्टाला पेटल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी आल्या होत्या, न्यायला लीलाधरराव आले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी, करीला, परसात चूल पेटली आणि माझी आठवण झाली. सकाळपासून कोंबडीचे तुकडे ताकात, लसणात, तिखटात भिजत होते. पीठ ज्वारीचे आणि तांदळाचे, घरच्या जात्यावर दळलेले. कारण गिरणीत गव्हावर ज्वारी पडते. पिठात ताकाचे चार थेंब शिंपडायचे, म्हणजे बारीक खडे धरतात आणि तेच तुकड्यांवर चिकटून खवले होतात. आधी मंद जाळावर तळायचे, जरा विसावा द्यायचा, मग भडक जाळावर पुन्हा. हे सगळे मी पोटात घेऊन शिकले, मित्रांनो. तुमच्यासारखे ऐकून नव्हे.

यशोदाताई पाणी आणायला वळल्या आणि भागाबाईंनी पदराआडून वाटी काढली. दोन मुठी गव्हाचे पीठ परातीत टाकले आणि हाताने सारखे केले. मी पाहिले. मी तापले, धुमसले, तेल उडवले. लेक परतताच भागाबाई म्हणाल्या, "जाळ कमी कर गं."

लीलाधररावांनी पाच तुकडे खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. संध्याकाळपर्यंत ते पोट धरून बाजेवर आडवे.

आता दोष कोणाचा? शेजारच्या तानुबाईंनी मला पालथी करून पाहिले.

"जुनं लोखंड शे, बाई. बाधनारच."

"मलेबी तेच वाटस," भागाबाई म्हणाल्या. हो, त्याच.

मला उकिरड्याजवळ भिंतीकडेला फेकले. तासाभरात ही कोंबडी येऊन बसली. आणि बाजेवरून लीलाधरराव बायकोला म्हणाले, "आता तळलेलं नाव काढू नको. माझ्या नशिबात भात आणि ताक." ते ऐकून मला स्वतःपेक्षा त्यांचे जास्त वाईट वाटले. थोडेसेच जास्त.

दुसऱ्या दिवशी यशोदाताईंनी उरल्या कोरड्या पिठाची भाकरी थापायला घेतली. थापता थापता हात थांबला. भाकरीची कड फाटेना. पीठ ओढले तर ताणले.

"माय, ज्वारी कधी ताणली जाते का?"

भागाबाई चुलीत फुंकू लागल्या. चुलीत विस्तव नव्हता.

"माय, मी विचारते आहे."

"मंग काय करू? जवाईले ज्वारीमा घोळेल कोंबडी खावाडू? गाव काय म्हनी? दोन मुठी पीठ टाकं, इख नही टाकं."

"त्यांना ते विखच आहे गं."

भागाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बाजेवरून क्षीण आवाज आला, "मामी, मान जरा कमी केला तरी चालेल. तो पोटात राहत नाही."

आठ दिवसांनी, त्यांचे पोट सावरल्यावर, भागाबाईंनी स्वतः जाते धुऊन वाळवले, स्वतः ज्वारी दळली आणि गव्हाचा डबा तानुबाईंकडे नेऊन ठेवला. मला विस्तवात लाल होईस्तोवर जाळले, नवे तेल घातले. लीलाधररावांनी सहा तुकडे खाल्ले. त्या दुपारी सगळे त्यांच्या पोटाकडे बघत बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला आणि विचारले, "उरली आहे का?"

भागाबाई रडल्या. मग कौतुक सुरू झाले. पिठाचे झाले, ताकाचे झाले, लेकीच्या हाताचे झाले, जात्याला तर हळदकुंकू मिळाले. माझी माफी? कोणी मागितली नाही. मला घासून पुन्हा भिंतीकडेला ठेवले. जावई आले की मी चुलीवर, गेले की कोंबडी माझ्यात. आपण बसलो आहोत ती कढई कशाची, हे तिला ठाऊक नाही. मीही सांगत नाही. तोंड उघडे असले तरी मला पोच आहे.

म्हणून मित्रांनो, आजाऱ्याचा पाहुणचार त्याच्या पथ्याने करा, आपल्या अब्रूने नव्हे. आणि चूक आपली असेल तर ती मुक्या भांड्यावर ढकलू नका. मला घरात घ्या, असे मी म्हणत नाही. हळदकुंकूही नको. फक्त ही कोंबडीबाई आता अंड्यांवर बसली आहे, एकवीस दिवस उठणार नाही आणि तिची नखे लागतात. कोणीतरी तिच्याखाली मूठभर भुसा घाला.

गव्हाचा तेवढा नको.