ओट्याचं माप

मी ताडकळसमधल्या एका जुन्या घराचं स्वयंपाकघर बोलतोय. आवाज जरा चढलेला वाटला तर समजून घ्या. आजच माझा नवा ओटा सुरू झालाय.

माझ्या भिंती दगडमातीच्या. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढाच माझा पसारा. सरजाबाईंनी इथं चुलीपुढं बसून उमर काढली. मग गॅस आला, तोही जमिनीवरच राहिला.

त्यांचा मुलगा सिद्धोधन मोटारसायकलवरून पडला आणि त्याच्या पायांतलं बळ गेलं. सून धम्मशीला पूर्णेला शिक्षिका. सकाळीच बस धरायची. मग स्वयंपाक सिद्धोधननं हाती घेतला. चाकांची खुर्ची उंबऱ्याबाहेर ठेवून तो हातांवर सरकत आत यायचा. सुरुवातीला भाकरी करपल्या. पुढं असा हात बसला, की भाकरी थापताना तो गुणगुणू लागला.

सरजाबाईंना मात्र संकोच वाटायचा. पाहुणे आले की त्या माझं दार ओढून घ्यायच्या.

यंदा मला नवं करायचं ठरलं. माऊली मिस्त्री टेप घेऊन आले. मोठी खिडकी, टाइल्स, नळ! मी हरखून ऐकत होतो. तेवढ्यात सरजाबाई म्हणाल्या, "सैपाक सूनच करती. तिच्या कंबरंएवढा ओटा धरा."

मिस्त्रींनी भिंतीवर खडूनं रेघ ओढली. त्या उंचीवर खुर्चीत बसून सिद्धोधनचा हात तव्यापर्यंत पोचला नसता. माझा आनंद तिथंच विरला. हा माणूस आता माझ्याकडं येणारच नाही?

धम्मशीला काही बोलणार, तोच सिद्धोधन दारातून म्हणाला, "मिस्त्री, माप माझं घ्या. रोजचा सैपाक मी करायलोय."

मिस्त्रींनी रेघ पुसली आणि खुर्चीपाशी बसून टेप धरला.

मग काय सांगू! उंबरा निघाला, दार रुंद झालं, हातोड्याच्या प्रत्येक घावाला मला गुदगुल्या होत होत्या. तोवर गॅस अंगणात मांडला होता. तिथं ओढायला दार नव्हतं. सिद्धोधन भाकरी थापताना सगळी गल्ली बघायची. सरजाबाई गल्लीकडं पाठ करून बसायच्या.

एकदा, महिनाभर लेकीकडं राहून आलेल्या शेजारच्या बायनाबाई वांग्याची भाजी चाखून म्हणाल्या, "सुनंच्या हाताला लय चव हाय."

सरजाबाई गल्लीकडं वळल्या. मग म्हणाल्या, "सुनंच्या न्हाई. माझ्या लेकाच्या."

आज सकाळी खुर्ची थेट आत आली. सिद्धोधनचे गुडघे ओट्याखालच्या मोकळ्या जागेत गेले, तवा हाताशी आला. धम्मशीलानं त्याच्या शेजारी स्टूल ओढलं आणि मेथी निवडायला बसली. खिडकीतून ऊन आलं. एवढं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एक मागणं आहे. तुम्ही घरी ओटा बांधाल, तेव्हा माप घेण्याआधी विचारा, तिथं रोज राबणार कोण.

चला, सरजाबाई ताट घेऊन आल्यात. म्हणतायत, "सिद्धू, पहिली भाकर मला वाढ."