कोरड्या बरणीतली साल

दक्षिणेचा वारा सुटला की डोंगग्वानात भिंतींना घाम फुटतो. फरशी ओली, उशी ओली, माणसांची तोंडंही आंबलेली. त्या दिवसांत आमच्या अख्ख्या कारखान्यात कोरडी जागा एकच, माझ्या चाचणीखोलीतली घट्ट झाकणाची काचेची बरणी. ती कापसासाठी असते. मी तिच्यात संत्र्याची साल ठेवली.

साल साधी नव्हती. आमच्या गावी, सिनहुईकडे, मुलगी जन्मली की त्या वर्षीची साल वाळवून ठेवतात आणि लग्नात तिच्याबरोबर पाठवतात. माझ्या लेकीची, काईयुंगची साल माझ्या आईने वाळवली होती, चोवीस वर्षांपूर्वी. आता आई नाही. लग्न महिन्यावर आलं आणि सालीवर बुरशीचा पहिला पांढरा ठिपका दिसला. ठिपका पुसून साल बरणीत टाकली; कापूस काय, कपाटातही राहील, असं म्हटलं मी. पंधरा वर्षं हेच काम करणारी बाई असं म्हणते!

माझं काम जाळण्याचं. आमच्या कारखान्यातल्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून पुढे सॉकेटपट्ट्या, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, बनतात. पूर्वी आग अडवायला त्यात ब्रोमीन घालायचे. त्याचा धूर विषारी, म्हणून आता फॉस्फरसची भुकटी घालतात. ती नीट मिसळली तर जळत्या प्लास्टिकवर कोळशाची साय धरते आणि ज्योत विझते. मी नमुन्याची पट्टी उभी टांगून खालून दहा सेकंद ज्योत देते, मग पुन्हा दहा. खाली कापूस. जळता थेंब पडून तो पेटला की माल नापास.

त्या दिवसांत थेंब पडत होते, पण कापूस पेटत नव्हता. मी खूश. मग एक थेंब पडला आणि चुर्र आवाज झाला. कापूस चिमटीत धरला, तर दमट. थोडा कापूस भट्टीत वाळवून तोच माल पुन्हा जाळला. कापूस भपकन पेटला.

आमच्या प्रत्येक अहवालावर चाचणीप्रमुख कुआंग मास्तरांची सही असते. मला इथे चिकटवलं त्यांनीच. मी त्यांना सगळं सांगितलं.

"आजची खेप थांबव," ते म्हणाले.

"आणि आधीच्या?"

"कापूस आज सकाळीच बाहेर काढलास ना? नीट आठवून सांग, आ-लान. आज म्हणालीस तर एक खेप, नाहीतर साल ठेवल्यापासूनच्या नऊ. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी बसणारा माणूस मी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मास्तर, थेंब कापसावर पडला तर..."

"घरात सॉकेटखाली कापूस कोण ठेवतं गं?"

"गाद्या ठेवतात."

त्यांनी अहवालांची फाइल पुढ्यात ओढली. मला वाटलं, आज म्हणून टाकावं. अगदी ओठांवर आलं होतं.

"अकरा दिवस झाले," मी म्हणाले.

त्यांनी नऊ अहवाल काढले आणि नऊ सह्या खोडल्या. "साल तरी चांगली राहिली का?" एवढंच विचारलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

नऊपैकी दोन खेपा नापास निघाल्या. एक अजून पोत्यांतच होती. दुसरीच्या सॉकेटपट्ट्या होऊन बाजारात गेल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत आल्या. बाकीच्या कुणाकुणाच्या घरात आहेत. मास्तरांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं, निरोपाच्या जेवणाशिवाय. मला गोणी शिवायला बसवलं.

लग्नात मास्तरांची खुर्ची रिकामीच राहिली. संध्याकाळी नव्या घरात काईयुंगने सालीचा डबा उघडला. खोलीभर वास सुटला.

"आई, या असल्या हवेत एक डागसुद्धा नाही! कशी गं राखलीस?"

तिची सासू कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी वाकले आणि लेकीच्या नव्या पलंगामागची सॉकेटपट्टी उपटून काढली.