बादलीत गेलेल्या कोयऱ्या

न्यूरोवाल्या डॉक्टरांनी उल्काबाईंचा उजवा हात आपल्या तळहातावर ठेवला, थोडा वेळ त्याला हवं तसं थरथरू दिलं आणि मग म्हणाले, "आंटी, इन हाथों को खाली मत बैठने दीजिए. बागवानी कीजिए, आटा गूँधिए, कढ़ाई कीजिए. कुछ भी, मगर रोज़."

म्हणजे ज्या कामांना आजवर 'बायकांचे उद्योग' म्हणत, ती आता औषधं झाली. उल्काबाई ही औषधं छत्तीस वर्षं घेत होत्या, फक्त चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठी मिळाल्याचा आनंद झाला तो माधवरावांना. ते मूळचे सांगलीचे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी मातीचा अभ्यास करण्यात सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर गोमती नगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मातीपासून शक्य तितके लांब, ते राहायला आले. बायकोला कंपवात झाला आहे या गोष्टीवर त्यांना काहीच करता येत नव्हतं. वेळापत्रक मात्र करता येत होतं. त्यांनी ते केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सकाळी आठ ते नऊ माती. अकरा ते बारा कणीक. दुपारी दोन ते तीन धागा.

"आणि मरायला कधी वेळ ठेवलाय?" उल्काबाईंनी चष्मा वर करून विचारलं.

"रविवार मोकळा आहे," माधवराव म्हणाले. विनोद करताना त्यांचा चेहरा हलत नसे, त्यामुळे तो विनोद होता हे त्यांनाही पुष्कळदा उशिरा कळे.

तर माती सुरू झाली. बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये पुदिना, मेथी आणि कोथिंबीर होती. उल्काबाई बी पेरत आणि माधवराव शेजारी उभे राहून मातीचा सामू, म्हणजे आंबटपणा, मोजत. मेथीला मोजमाप मानवलं नाही. ती पिवळी पडली. पुदिना मात्र कोणाचंच न ऐकता वाढत राहिला.

कणकेच्या तासाला पाव होई. पीठ मळणं हाताला चांगलं, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल, पण पावाला ते कोणी सांगितलं नव्हतं. तो विटेसारखा निघे. माधवरावांनी एकदा गेटवरच्या चौकीदाराला अर्धा पाव दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाव चौकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे अडकवलेला दिसला. "बहुत मज़बूत है साहब," तो म्हणाला. उल्काबाई त्यावर पोट धरून हसल्या. तो त्या हिवाळ्यातला चांगला दिवस म्हणायचा.

पण खरा तास दोनचा. बाकीचं सगळं त्या तासासाठी हात गरम ठेवण्यापुरतं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मुलीचं, मुक्ताचं, लग्न होळीनंतर ठरलं होतं, बंगळुरात. तिच्यासाठी उल्काबाई एक ओढणी भरत होत्या. पांढऱ्या मलमलीवर पांढरा धागा, लखनवी चिकनचं काम. ही कला त्या जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या नफीसा आपांकडून शिकल्या होत्या, लग्न होऊन इथे आल्या आल्या, जेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं आणि आपांना मराठी, त्यामुळे शिकवणी नुसती बोटांनी झाली. ओढणीच्या दोन्ही पदरांवर अकरा अकरा कोयऱ्या होत्या आणि प्रत्येक कोयरीच्या पोटात मुर्रीचे टाके, तांदळाच्या दाण्याएवढे, फुगीर. एक पदर पूर्ण झाला होता. दुसऱ्यावरच्या चार झाल्या होत्या. उरल्या सात.

एका कोयरीला पूर्वी दोन दिवस लागत, आता नऊ लागत होते. सात नव्वे त्रेसष्ट. लग्नाला चौऱ्याहत्तर दिवस होते. हा हिशेबही माधवरावांनी फ्रिजवर लावला होता, खाली 'हाताशी ११ दिवस' असं लिहून.

यातली खरी गंमत अशी की दिवसभर चमचा धरताना डाळ सांडणारा तो हात दोन वाजता सुई घेतली की हळूहळू शांत होई. पूर्ण नाही, पण टाका बसेल इतका. कसा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. उल्काबाईंना विचारलं तर म्हणत, "त्याला वाट माहितीये ना. बैल कसा अंधारातही घरी येतो."

मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला की ती ओढणी कॅमेऱ्यासमोर धरली जाई. मुक्ताला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"मम्मी, रहने दो ना यार. ऑनलाइन मिल जाती है, सेम टू सेम. तुम आराम करो."

"मिळते गं. त्यात मी कुठे असते?"

"अच्छा बाबा, करो. पर टेंशन मत लो, हाँ?"

टेन्शन घेण्याचं काम घरात माधवरावांकडे होतं, हे तिला ठाऊक नसावं.

जानेवारीच्या मध्यावर धुकं उतरलं ते जाईना. समोरची इमारत चार दिवस दिसली नाही. कोथिंबिरीला गारठा लागेल म्हणून एका दुपारी साडेबाराला माधवरावांनी तिचा डबा उचलून आत आणला आणि टेकवायला जागा दिसली तिथे, म्हणजे दिवाणावर, टेकवला. डब्याच्या तळाला भोक होतं. ते त्यांनीच पाडलं होतं, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. निचरा झाला. दिवाणाच्या कडेला ओढणी घडी घालून ठेवलेली होती.

उल्काबाई आत झोपल्या होत्या. माधवरावांनी ओढणी उचलली. चौथ्या कोयरीवर हाताएवढा चिखलाचा डाग होता. मग माणूस घाबरल्यावर जे करतो ते, म्हणजे आपल्याला सगळ्यात चांगलं येतं ते काम, त्यांनी केलं. माती हा त्यांचा विषय होता. कोमट पाणी, द्रव साबण, चोळायचं नाही, नुसतं बुडवून हलवायचं. मोरीतल्या निळ्या बादलीत त्यांनी ओढणी भिजवली. पहिलं पाणी गढूळ निघालं. दुसऱ्यात माती दिसली नाही. तिसरं पाणी त्यांनी खात्रीसाठी घातलं. टाक्याला धक्का नाही, धागा ओढला गेला नाही. ते स्वतःवर इतके खूश झाले की गुणगुणतच ओढणी बाल्कनीतल्या दोरीवर घालायला गेले. बायको उठायच्या आत वाळेल का, एवढीच त्यांना काळजी होती.

दोरीवर ओढणी पसरली आणि ते दोन पावलं मागे सरले. ओढणी पांढरी होती. फारच पांढरी होती.

आता यातलं काय हुकलं ते लखनौबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. चिकनच्या कापडावर आधी लाकडी ठशाने निळीत नक्षी छापतात. भरणारी बाई त्या निळ्या रेषांवरून टाके घालत जाते. सगळं भरून झालं की शेवटी, अगदी शेवटी, कापड धुतात. नीळ निघून जाते आणि पांढऱ्यावर पांढरी फुलं उरतात. ही माहिती माधवरावांना नव्हती असं नाही. सांगलीहून कोणी पाहुणे आले की बायको भरत असताना शेजारी बसून हे सगळं तेच समजावून सांगत, वर म्हणत, "किती वैज्ञानिक पद्धत आहे बघा." पण डाग दिसला की माणूस धुतो. त्यात ज्ञानाचा संबंध येत नाही. आणि बादली निळी होती, त्यामुळे पाणी निळं झालेलंही दिसलं नाही.

सात कोयऱ्या बादलीत गेल्या होत्या. त्या पाण्याने त्यांनी मघाशी मोरीही धुतली होती.

दोन वाजता उल्काबाई आल्या. दिवाण ओला, त्यावर कोथिंबीर, बाल्कनीत ओढणी आणि ओढणीशेजारी नवरा. त्यांना सगळं एका नजरेत कळलं.

"अहो मातीवाले," त्या म्हणाल्या, "तीन पाणी घातलीत ना?"

"हो."

"वाटलंच. तुमचं अर्धं काम कधी नसतं."

यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर माधवरावांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच सकाळी ते चौकात गेले. ई-रिक्षा गोल दरवाजा नावाच्या जुन्या कमानीशी थांबली, पुढे गल्लीत पायी. छापेवाले चचा जमिनीवर गुडघे मोडून बसले होते, मागे भिंतभर ठसे. ओढणी उलटीपालटी करून त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"धो दी?"

"जी."

"पूरी होने से पहले?"

"जी."

"साहब, आप तो पढ़े-लिखे मालूम होते हैं," चचा म्हणाले, अतिशय अदबीने. लखनौत माणसाला चपराकही रेशमात गुंडाळून मिळते.

पुन्हा छापता येईल, म्हणाले. मात्र तोच ठसा हवा, नाहीतर झालेल्या चार कोयऱ्यांशी उरलेल्या सात जुळणार नाहीत. ठसा जुना होता. इथेच कुठेतरी असेल. कुठे, ते शोधावं लागेल. माधवराव एक दिवसाआड चौकात जाऊ लागले. एकदा चचांना ताप होता. एकदा ठसा सापडला, पण तो दुसऱ्याच कोयरीचा निघाला, चोच उलटीकडे वळलेली. अखेर भिंतीच्या सगळ्यात खालच्या ओळीत तो मिळाला. मग छापलेलं वाळायला ऊन नव्हतं. असे सोळा दिवस गेले. फ्रिजवरच्या हाताशी असलेल्या अकरा दिवसांचा कागद त्यांनी कोणी बघत नसताना काढून टाकला.

या सोळा दिवसांत दोन ते तीन या वेळात दुसरं काहीतरी करायला हवं होतं. माधवरावांनी बाजारातून छापील रुमाल आणले. उल्काबाईंनी एकदा सुई घेतली, एकदा बघितली आणि रुमाल नाक पुसायला ठेवले.

"यात वाट नाहीये," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या तासाला त्या खिडकीशी बसत. हात मांडीवर. धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत.

ओढणी परत आली तेव्हा माधवरावांनी ती मिठाईच्या डब्यासारखी उघडून दाखवली. सात निळ्या कोयऱ्या, जागच्या जागी, तंतोतंत. उल्काबाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. "चचांचा हात अजून स्थिर आहे," त्या म्हणाल्या.

माधवरावांनी सुई ओवून दिली. दोन वाजले होते.

हात शांत झाला नाही. उल्काबाईंनी थोडं थांबून पुन्हा सुई धरली. टोक निळ्या रेषेच्या डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, रेष सोडून सगळीकडे गेलं. धाग्याची गाठ झाली, ती माधवरावांनी सोडवली. पुन्हा झाली. अडीच वाजता सुई अंगठ्यात गेली आणि त्यांनी अंगठा चटकन तोंडात घातला, कापडाला लागू नये म्हणून. तीन वाजले तेव्हा पाचव्या कोयरीच्या पोटात एक टाका होता. तो मुर्रीसारखा दिसत नव्हता. कशासारखाच दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी सुई हातात घेतली नाही.

माधवरावांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, नाही नाही, सोळा दिवस थांबल्यामुळे असं नसतं, हा आजारच पुढे सरकणारा आहे, हे आज ना उद्या होणारच होतं. माधवरावांनी फोनवर मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी पुराव्यावर विश्वास ठेवला होता. या वेळी पुरावा काय म्हणतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ती बादली कोणी भरली, ते त्यांनी पाहिलं होतं.

"नफीसा आपांना देऊ या का?" त्यांनी संध्याकाळी भीत भीत विचारलं. "आठवड्यात पूर्ण करतील. मुक्ताला कळणारही नाही."

"मुक्ताला तर आताही कळणार नाही. सेम टू सेम मिळतं तिला." उल्काबाई थोडं हसल्या. "मला कळेल ना पण."

"मग?"

"मग काय. तो वेडावाकडा टाका मी उसवायला गेले, तर तोही उसवेना. तेवढा कापून द्या." त्यांनी कात्री पुढे केली. "आणि ओढणी धुऊन टाका."

माधवरावांनी कात्री घेतली.

"नीळ तशीच असताना?"

"नीळ घालवण्यासाठीच. न झालेल्या कोयऱ्या दिवसभर डोळ्यांपुढे नकोत मला. झाल्या तेवढ्या पंधरा. बाकीचं कोरं. कोणी विचारलं तर सांगा, आजकाल अशीच फॅशन आहे."

"उल्का, माझ्यामुळे..."

"अहो, पाणी कोमट घ्या. मागच्या वेळी घेतलं होतंत तसं. फुलं छान राहिली होती."

माधवरावांनी तो एक टाका कापला. चष्मा दोनदा पुसावा लागला. मग ते मोरीत गेले. निळी बादली नळाखालीच होती. ती त्यांनी बाजूला सारली आणि वरच्या फळीवरची पांढरी बादली काढली. कोमट पाणी, द्रव साबण. ओढणी पाण्यात सोडली. या वेळी सगळं दिसलं. आधी कोयऱ्यांच्या चोची पुसट झाल्या, मग पोटं, आणि त्यातून नीळ धुरासारखी वर येऊन पाण्यात पसरली.

बाहेरून खिडकीशेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "गेली का हो?"

माधवरावांनी ओढणी उचलून उजेडात धरली. एका कोयरीची कड अजून जराशी दिसत होती.

"थोडी राहिलीय."

"मग अजून एक पाणी घाला," उल्काबाई म्हणाल्या.

त्यांनी नळ सोडला.